मोठी संख्या उलगडायची कशी : १,२३,४५,६७,८९० चे गुणधर्म, पायरीपायरीने

एखाद्या मोठ्या पूर्ण संख्येबद्दल विचारले जाणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. ती मूळ आहे की संयुक्त? तिला किती विभाजक आहेत? ती पूर्ण वर्ग आहे का? दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? दुसऱ्या एखाद्या संख्येशी तिचा मसावि किती? यातल्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी मिळतात, ती म्हणजे त्या संख्येच्या मूळ अवयवांत. म्हणून खरा घाम अवयव पाडण्यातच गाळायचा. बाकीचं काम काही मिनिटांचं आहे.

ते काम किती अवघड जाईल हे मात्र संख्येच्या आकारावरून ठरत नाही. शंभर अंकी संख्या क्षणात फुटू शकते आणि आठ अंकी संख्या दुपारभर छळू शकते. सगळं तिचे अवयव कसे आहेत यावर अवलंबून असतं.

उदाहरणासाठी १,२३,४५,६७,८९० ही संख्या घेऊ. एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. ० ते ९ हे सगळे अंक तिच्यात एकेकदा येतात. दिसायला ती अगदी गोंडस आहे, पण पोटात काय आहे याचा अंदाज बाहेरून येत नाही. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर एवढं पुरे. कॅल्क्युलेटर नसला तरी चालेल, थोडा वेळ जास्त लागेल इतकंच.

आधी फुकटात मिळतं ते घ्या

शेवटचा अंक ० आहे, म्हणजे १० ने भाग जातो. शेवटून एकच शून्य असल्यामुळे ती पूर्ण वर्ग नाही हेही इथेच कळतं, कारण पूर्ण वर्गाच्या शेवटी शून्यं आलीच तर ती जोडीने येतात. वर्गमूळ काढत बसायची गरज नाही.

शेवटचे दोन अंक ९०. त्याला ४ ने भागल्यावर बाकी २ उरते, म्हणजे संख्येत २ हा अवयव फक्त एकदाच आहे. ही बाकी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. जाता जाता एक गंमत: ० ते ९ हे अंक एकेकदा वापरून कुठल्याही क्रमाने संख्या लिहिली तरी बेरीज ४५ च राहणार. म्हणजे अशी दहा अंकी संख्या कधीच मूळ असू शकत नाही. तीस लाखांहून अधिक संख्या एका बेरजेत निकालात निघाल्या.

१० आणि ९ ने भागून घेतलं की उरतात १,३७,१७,४२१. इथून पुढच्या सगळ्या कसोट्या या उरलेल्या संख्येवर लावायच्या, मूळच्या दहा अंकी संख्येवर नाही. अनेक जण इथेच चुकतात आणि प्रत्येक वेळी लांबलचक संख्या भागत बसतात.

नव्या संख्येच्या अंकांची बेरीज २६. आता ३ ने भाग जात नाही. म्हणजे ३ दोनदाच होता.

७, ११ आणि १३ एकाच फटक्यात

७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची आळीपाळीने वजाबाकी-बेरीज केली, तर मिळणाऱ्या छोट्या संख्येची या तिन्हींबाबतची बाकी आपण घेतलेल्या संख्येइतकीच असते. आपण लाख-कोटींचे स्वल्पविराम देतो तेव्हा हजारांच्या पुढे गट दोन-दोन अंकांचे होतात. इथे ते स्वल्पविराम विसरून नव्याने गट पाडावे लागतात: १३ | ७१७ | ४२१.

४२१ − ७१७ + १३ = −२८३.

२८३ ला ७ ने भाग जात नाही (७ × ४० = २८०), ११ ने नाही (११ × २५ = २७५), १३ ने नाही (१३ × २१ = २७३). तिन्ही बाद.

हेच गट नुसते मिळवले तर ३७ ची कसोटी होते, कारण ९९९ = २७ × ३७. १३ + ७१७ + ४२१ = ११५१; पुन्हा गट पाडून १ + १५१ = १५२; ३७ × ४ = १४८, बाकी ४. दोन-दोन अंकांचे गट आळीपाळीने घेतले तर १०१ ची कसोटी मिळते: २१ − ७४ + ७१ − १३ = ५. तेही नाही.

१७, १९, २३ यांच्यासाठीही कसोट्या आहेत, पण त्या लक्षात ठेवण्यापेक्षा सरळ भागाकार करावा, असं माझं मत. १७ ने बाकी २, १९ ने १०, २३ ने १४.

किती पुढे जायचं?

नियम सोपा आहे: संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असतोच.

वर्गमूळ हाताने काढू. ३७०० चा वर्ग १,३६,९०,०००. आपल्याला २७,४२१ कमी पडतात. त्याला ३७०० च्या दुपटीने, म्हणजे ७४०० ने भागलं की साधारण ३.७. म्हणून वर्गमूळ ३७०३.७ च्या आसपास.

म्हणजे ३७०३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या? अशा संख्या पाचशेहून अधिक आहेत. एराटोस्थेनिसच्या चाळणीने, म्हणजे प्रत्येक मूळ संख्येच्या पटी खोडत जाऊन, यादी तयार करता येईल, पण तेवढे भागाकार हाताने करणं म्हणजे शिक्षाच. १०० पर्यंतच्या मूळ संख्या तपासून झाल्या आणि काही हाती लागलं नाही, की थांबावं आणि पद्धत बदलावी. हा १०० चा आकडा काही पवित्र नाही. कंटाळा येण्याआधी थांबायचं, एवढाच त्याचा अर्थ.

फर्माची युक्ती

१७व्या शतकातला फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने वेगळी वाट दाखवली. कुठलीही विषम संयुक्त संख्या दोन विषम संख्यांचा गुणाकार असते. त्या दोन संख्यांच्या बरोबर मधोमध असलेली संख्या म्हणजे 'मध्य' आणि मध्यापासून दोन्हींचं अंतर म्हणजे 'अंतर' म्हणू. मग

संख्या = (मध्य − अंतर) × (मध्य + अंतर) = मध्याचा वर्ग − अंतराचा वर्ग.

म्हणजे अवयव शोधण्याऐवजी असा वर्ग शोधायचा, ज्यातून आपली संख्या वजा केली की पुन्हा पूर्ण वर्गच उरतो. सुरुवात वर्गमुळाच्या लगेच वरच्या पूर्ण संख्येपासून करायची आणि एकेक पायरी चढायची. फर्माने १६४३ च्या सुमारास याच रीतीने २,०२,७६,५१,२८१ ही संख्या फोडून दाखवली. ४५,०३० पासून सुरुवात करून बाराव्या पायरीवर, ४५,०४१ ला, १०२० चा वर्ग हाती लागतो आणि अवयव निघतात ४४,०२१ आणि ४६,०६१.

आपली सुरुवात ३७०४ पासून. पण थांबा, ३७०४ वगळताच येतो. विषम संख्येच्या वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, सम संख्येच्या वर्गाला शून्य. १,३७,१७,४२१ चे शेवटचे दोन अंक २१, म्हणजे ४ ने भागल्यावर बाकी १. 'वर्ग वजा वर्ग' याची बाकी १ यायची तर पहिला वर्ग विषम संख्येचा आणि दुसरा सम संख्येचाच असला पाहिजे. म्हणून मध्य विषम. सगळ्या सम पायऱ्या रद्द, निम्मं काम वाचलं.

मग ३७०५. शेवटी ५ असलेल्या संख्येचा वर्ग तोंडी येतो: ३७० × ३७१ = १,३७,२७०, त्यापुढे २५ लिहा. १,३७,२७,०२५.

१,३७,२७,०२५ − १,३७,१७,४२१ = ९६०४.

९६०४ हा पूर्ण वर्ग आहे का? १०० च्या वर्गाच्या किंचित अलीकडे आहे. ९८ × ९८ = ९६०४. आहे!

म्हणून अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

एका वजाबाकीत काम झालं. सरळ भागाकारांच्या वाटेने गेलो असतो तर ३६०७ पर्यंत पोचावं लागलं असतं आणि मूळ संख्यांच्या रांगेत तिचा क्रमांक ५०४ वा आहे.

वजाबाकीचं उत्तर पूर्ण वर्ग आहे का हे पाहताना दर वेळी वर्गमूळ काढू नका. पूर्ण वर्गाचा एकक स्थानचा अंक २, ३, ७ किंवा ८ कधीच नसतो. तो ५ असेल तर शेवटचे दोन अंक २५ च असतात. आपण ३७०४ तपासला असता तर वजाबाकी २१९५ आली असती आणि शेवटच्या ९५ वरूनच ती फेटाळता आली असती.

खातरजमा

दोन गोष्टी तपासायच्या राहिल्या. पहिली, गुणाकार बरोबर आहे का. ९ ची कसोटी: ३६०७ ची बाकी ७, ३८०३ ची ५; ७ × ५ = ३५, बाकी ८. तिकडे १,३७,१७,४२१ च्या अंकांची बेरीज २६, बाकी ८. जुळलं. पण लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर ९ ची कसोटी ती पकडत नाही, कारण बेरीज तीच राहते. म्हणून ११ चीही लावावी: बाक्या १० आणि ८, गुणाकार ८०, बाकी ३, १,३७,१७,४२१ ची बाकीही ३. शेजारच्या अंकांची अदलाबदल इथे निसटत नाही.

दुसरी गोष्ट, ३६०७ आणि ३८०३ या स्वतः मूळ आहेत का. ६० चा वर्ग ३६०० आणि ६१ चा ३७२१, म्हणून ३६०७ साठी ५९ पर्यंतच्या १७ मूळ संख्या पुरतात. ४१ वर जरा धडधडतं, कारण ४१ × ८८ = ३६०८, एकाने हुकलं. ५९ × ६१ = ३५९९, बाकी ८. कुणाचाच भाग जात नाही. ३८०३ साठी ६१ पर्यंत जायचं, तिथेही काही सापडत नाही. दोन्ही मूळ.

तर पूर्ण चित्र असं:

१,२३,४५,६७,८९० = २ × ३ × ३ × ५ × ३६०७ × ३८०३

आता गुणधर्म

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयव किती वेळा आला आहे ते पाहा, त्यात १ मिळवा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. २ × ३ × २ × २ × २ = ४८. हे सूत्र पाठ करण्यापेक्षा असं पाहिलेलं बरं: ९० चे १२ विभाजक आहेत (१, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०). त्यातल्या प्रत्येकाला १, ३६०७, ३८०३ किंवा १,३७,१७,४२१ ने गुणलं की १२ × ४ = ४८. यादीच करायची असेल तर ती अशीच करावी, एकही विभाजक निसटत नाही.

विभाजकांची बेरीज: (१ + २) × (१ + ३ + ९) × (१ + ५) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = ३,२१,१६,१०,६८८. यातून खुद्द संख्या वजा केली तर १,९७,७०,४२,७९८ उरतात. हे खुद्द संख्येपेक्षा बरेच जास्त आहेत. ६ किंवा २८ सारख्या परिपूर्ण संख्येत ही बेरीज बरोबर संख्येइतकी येते. इथे ती ओलांडून गेली आहे. याचं श्रेय पूर्णपणे २, ३, ५ या चिल्लर अवयवांचं. मोठ्या दोघांमुळे या गुणोत्तरात हजारात एकाचाही फरक पडत नाही.

तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती? प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून गुणा, आणि अवयव पुन्हा आला असेल तर त्याने पुन्हा गुणा: १ × (२ × ३) × ४ × ३६०६ × ३८०२ = ३२,९०,४०,२८८. म्हणजे साधारण चारातली एक संख्या.

ती दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येईल का? नाही. ४ ने भागल्यावर बाकी २ उरते आणि 'वर्ग वजा वर्ग' याची बाकी कधीच २ येत नाही. मघाची फर्माची युक्ती थेट दहा अंकी संख्येवर लावली असती तर जन्मभर चालली असती. ती फक्त विषम संख्येसाठीच वापरायची.

दोन वर्गांची बेरीज म्हणून? इथे वरवरच्या कसोट्या काही बोलत नाहीत, अवयवच हवेत. नियम असा: ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आलेला असेल तरच असं लिहिता येतं. गणिती ऑयलरने १८व्या शतकात याची सिद्धता दिली. आपल्याकडे ३ दोनदा आहे, ते ठीक. पण ३६०७ आणि ३८०३ या दोन्हींची बाकी ३ आणि दोन्ही एकेकदाच. म्हणजे अशक्य. तीन वर्गांची बेरीज मात्र नक्की आहे, कारण ८ ने भागल्यावर बाकी २ उरते. ४ ने भाग न जाणाऱ्या संख्येची अडचण फक्त बाकी ७ असेल तेव्हाच होते.

त्रिकोणी संख्या, म्हणजे १ + २ + ३ + … अशी बेरीज? ८ ने गुणून १ मिळवा आणि पूर्ण वर्ग येतो का पाहा. येतात ९,८७,६५,४३,१२१, म्हणजे ९९,३८० आणि ९९,३८१ यांच्या वर्गांच्या मधलं काहीतरी. नाही.

फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती १०० १००१ १००१ ०११० ०००० ००१० ११०१ ००१० अशी दिसते: ३१ अंक, त्यात १२ वेळा १. सतत दोनने भागून बाक्या उलट्या क्रमाने लिहिल्या की हे मिळतं. करून पाहण्यात फारसं शिकण्यासारखं नाही.

युक्ती कुठे फसते, आणि संगणक कधी घ्यायचा

फर्माची रीत चालली, कारण दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ होते. हे नशीब. अवयव लांब असतील तर ती रडवते. याच कारणाने आरएसए या १९७७ च्या सांकेतिकीकरण पद्धतीत दोन्ही गुप्त मूळ संख्या फार जवळच्या निवडायच्या नाहीत, असा दंडक आहे. नाहीतर त्यांच्या गुणाकाराचं शेकडो अंकी कुलूपही याच वजाबाकीने उघडेल.

दहा-पंधरा अंकांपर्यंतच्या संख्येसाठी लिनक्सवरची 'फॅक्टर' ही आज्ञा किंवा पायथनमधल्या चार ओळी पुरतात. एक्सेलमध्ये हे काम करू नका. तिथे पंधराच अंक टिकतात, पुढचे गुपचूप शून्य होतात आणि मग सगळ्याच कसोट्या खोटं बोलू लागतात.

सरावाला उलटी संख्या

९,८७,६५,४३,२१० घ्या. आधी मसावि: ती १,२३,४५,६७,८९० च्या ८ पटीहून बरोबर ९० ने जास्त आहे. युक्लिडच्या रीतीने मोठीला लहानीने भागलं की बाकी ९० आणि ९० ने लहानीला पूर्ण भाग जातो. मसावि ९०, दोन ओळींत.

९० ने भागल्यावर उरतात १०,९७,३९,३६९. इथे फर्माच्या मागे लागलात तर जवळपास एक लाख ऐंशी हजार पायऱ्या चढाल. पण सरळ भागाकारात १७ लगेच सापडतो, तोही दोनदा, आणि उरतात ३,७९,७२१. याचं वर्गमूळ ६१६ च्या आसपास, म्हणून १९ पासून ६१३ पर्यंतच्या १०५ मूळ संख्या तपासायच्या. एकीचाही भाग जात नाही. आठपट मोठी संख्या, तरी काम कितीतरी कमी. विभाजक २ × ३ × २ × ३ × २ = ७२.

या वेळी १७ ची आणि ३,७९,७२१ ची ४ ने भागल्यावर बाकी १ आहे आणि ३ पुन्हा दोनदाच आला आहे. म्हणजे ही संख्या दोन वर्गांची बेरीज असलीच पाहिजे. शोधायची रीत: ३,७९,७२१ मधून छोटे वर्ग वजा करत जा, ८० चा वर्ग वजा केला की ६११ चा वर्ग उरतो. दुसरीकडे १० = ३ × ३ + १ × १. अशा दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीजच असतो. ६११ × ३ − ८० × १ = १७५३ आणि ६११ × १ + ८० × ३ = ८५१. राहिलेल्या ३ आणि १७ यांच्या जोड्यांमुळे दोघांना ५१ ने गुणायचं:

८९,४०३ × ८९,४०३ + ४३,४०१ × ४३,४०१ = ९,८७,६५,४३,२१०